भाड्याच्या सुटाचा खिसा

भाड्याने दिलेला सूट परत आला की पहिलं काम म्हणजे त्याचे खिसे रिकामे करणं. इस्त्री नंतर, सैल झालेली बटणं नंतर, आधी खिसे. दुकानात लागले तेव्हा मालक बाळाकाकांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

कामाच्या अनुभवावर काहीतरी लिही, असं आमच्या वाचनालयाच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मी टाळाटाळ केली. असं लेखन निवृत्त माणसं करतात, मी तर अजून शिकतेय. पण कॉलेजची सगळी वर्षं मी दादरच्या त्या दुकानात उभी होते. सकाळी लेक्चर, दुपारपासून दुकान. पुढे कुठल्या विद्यापीठात जायचं हा प्रश्न बाकीची मुलं घरी विचारून सोडवतात. माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया आहे, पप्पा शिवडीच्या गोडाऊनमधून माल घेऊन ट्रक चालवतात. त्यामुळे मला तो प्रश्न दुकानातच सोडवावा लागला. म्हणून दुकानाबद्दलच लिहिते.

आमचं दुकान भाड्याच्या सुटांचं. नवरदेव, नवरदेवाचे भाऊ, मेहुणे, हौशी मामा हे आमचं गिऱ्हाईक. एक दिवस घालायच्या सुटाला कोण विकत घेणार? माणूस येतो, आरशासमोर उभा राहतो, बाळाकाका खडूने खुणा करतात आणि दुसऱ्या दिवशी सूट त्याच्या मापाचा झालेला असतो. बाहेरच्यांना वाटतं आम्ही कापडं कापून लहानमोठी करतो. तसं नाही. भाड्याच्या सुटाला कात्री लावायची नसते. जास्तीचं कापड आत दुमडायचं आणि कच्चा टाका घालायचा, म्हणजे लांब, सैल टाका, जो एका ओढीत उसवतो. आजच्या नवरदेवाचं पोट नसेल तर त्याच्या सुटाच्या आत उद्याच्या नवरदेवाच्या पोटाचं कापड दुमडून बसलेलं असतं. बाळाकाका मूळचे मालवणचे, आता लालबागला राहतात. गिऱ्हाइकाशी साधं बोलतात, पण मनातलं बोलायचं असलं की मालवणी सुरू होते. म्हणायचे, "कापूक कोणाकय येता गो. दुमडूक येवक व्हया."

खिशांत काय काय निघायचं. सुपारी, मुंडावळ्यांतला सुटलेला मणी, चुरगळलेला गुलाब, कुणीतरी लिहून दिलेला पण वेळेवर न आठवलेला उखाणा. बहुतेक वेळा अक्षता. लाल-पिवळे तांदळाचे दाणे अस्तराच्या शिवणीत जाऊन बसतात, ते पिनेने काढावे लागतात. काही सुटांत अक्षता नसायच्या, फुलांच्या पाकळ्या असायच्या. मग मी बाळाकाकांना सांगायचे, हे लग्न आमच्याकडचं. आम्ही बौद्ध. आमच्या लग्नांत वधूवरांवर तांदूळ टाकत नाहीत, पाकळ्या टाकतात. काका मान हलवायचे आणि विचारायचे, नायगावचं का वरळीचं? जणू पाकळ्यांवरून तेही कळतं.

काकांचा एक नेम होता. खिसे साफ झाले की ते वरच्या खिशात एक अक्षता परत ठेवायचे. एकच दाणा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्या कोटार अक्षता पडली, तो रिकामो धाडूचो नाय."

दुपारी दुकान शांत असायचं. रस्त्यावरचा आवाज काचेच्या दारापाशी थांबायचा, पंखा हळू फिरायचा आणि दांड्यावरचे कोट वाऱ्याने एकमेकांच्या खांद्याला खांदा लावायचे. मी अकाउंट्सचं पुस्तक उघडून बसायचे आणि डुलकी लागायची. तेव्हा कोट दांड्यावरून उतरून चालताना दिसायचे. आत माणूस नाही, नुसते खांदे. ते एकेका दारापाशी जाऊन उभे राहायचे. दार उघडतंय की नाही ते मला कधीच दिसलं नाही. त्याआधी कुणीतरी गिऱ्हाईक यायचंच.

लग्नाची तिथ नसलेल्या महिन्यांत दुकान जवळजवळ बंद असल्यासारखं. पण मी लागले त्याच वर्षी एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं, मुलाखतीला जाणारी मुलं. लोअर परळच्या काचेच्या इमारतींत त्यांना बोलावणं यायचं आणि अंगावर सूट पाहिजे असायचा. काका त्यांना काळा किंवा गडद निळा साधा कोट द्यायचे. लग्नातून बाद झालेले, रुंद कॉलरचे जुने सूट असे पुन्हा कामाला लागले.

त्या मुलांत एक संदेश होता. लालबागचा, आमच्याच भागातल्या कॉलेजातून बीकॉम झालेला. त्याला इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचं होतं. हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. तो हुशार होता. मी काही विचारलं तर कोटाची बाही एका हातात धरून दुसऱ्या हाताने हवेत ताळेबंद मांडून दाखवायचा. ओळखीतून, अर्ज करकरून, कुठून तरी बोलावणं मिळवायचा आणि तोच निळा कोट न्यायचा. परत आणून ठेवायचा आणि लगेच निघायचा. एकदा म्हणाला, "कॉलेजचं नाव सांगितलं की ते लोक फोनमध्ये बघायला लागतात."

मग तो दिवस आला. संदेशने कोट काउंटरवर ठेवला, घडी न घालता. झालं असं होतं की मुलाखत चालू असताना त्याने घाम पुसायला वरच्या खिशातला रुमाल ओढला आणि काचेच्या टेबलावर अक्षता पडली. समोरच्या बाईंनी हसून विचारलं, नुकतंच लग्न झालं वाटतं? हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. तो म्हणाला, नाही, कोट दादरहून भाड्याने आणलाय. सगळे हसले. वाईट हसले नाहीत, असं तो स्वतःच म्हणाला. पण त्यानंतर त्याच्या तोंडातून एक वाक्य धड निघेना.

"काका," तो म्हणाला, "तुमच्या आशीर्वादाने माझं लग्न लागलं, नोकरी राहिली."

बाळाकाका काउंटरपाशी आले. कोट उचलला, खिशात बोट घालून शिवणीपर्यंत फिरवलं आणि दांड्यावर लावला. त्या दिवसापासून नियम झाला की मुलाखतीचा सूट रिकाम्या खिशाने जाईल. काकांनी तो मला एकदाच सांगितला आणि माझ्याकडे न बघता सांगितला.

संदेश नंतर एका कंपनीच्या हिशेबखात्यात लागला. आता त्याला सूट लागत नाही. त्याची मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं मात्र त्याने मला आणून दिली. म्हणाला, "घे, मी उशीर केला. तू करू नको." मी थँक्यू म्हटलं. याहून जास्त काही म्हणायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

त्याच सुमारास मृण्मयीताई आल्या. गिरगावच्या. बाहेरगावच्या एका मोठ्या संस्थेत शेवटच्या वर्षाला होत्या आणि लोअर परळला शेवटच्या मुलाखतीसाठी आल्या होत्या. हॉस्टेलच्या इस्त्रीने त्यांच्या ब्लेझरच्या पाठीवर तिकोनी डाग पाडला होता आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. आमच्याकडे बायकांचा कोट एकही नव्हता. मी तसं सांगितलं. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, जळका ब्लेझर हातात धरून.

काकांनी आतून वयात आलेल्या मुलाच्या मापाचा एक काळा कोट आणला. त्यांच्या अंगावर घातला. खांदे बसले, बाकी काहीच बसेना. दुमडून भागण्यासारखं नव्हतं. काका बराच वेळ आरशात बघत राहिले आणि मग मला म्हणाले, कात्री आण. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी कोट उसवला, कापला, छातीला आणि कमरेला घेतला, खालून आखूड केला. मात्र बगलेच्या शिवणीत आतून भरपूर कापड राखलं.

काम चालू असताना ताई स्टुलावर बसून बोलत होत्या. इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे नक्की काय, ते काकांनी विचारलं. ताई म्हणाल्या, एका कंपनीला दुसरी विकत घ्यायची असते, किंवा कुणाला शेअर बाजारात उतरायचं असतं. तेव्हा किंमत काय लावायची, पैसा कुठून उभा करायचा, हे मध्ये बसून जुळवायचं.

"म्हणजे स्थळं जुळवणारे," काका म्हणाले.

"हो काका, तसंच."

"मग सूट लागणारच."

मी संदेशचं सांगितलं. एवढा हुशार आहे, मग त्याला का घेत नाहीत? ताई म्हणाल्या, "हुशार असेल गं. पण हे बँकेचे लोक नोकरीला माणसं निवडायला त्याच्या कॉलेजच्या दारात येतच नाहीत. दर वेळी त्यालाच यांच्या दारात जावं लागतं. आमच्याकडे ते स्वतः येतात, मांडव घालून बसतात." आणि मग खास माझ्यासाठी म्हणाल्या, "तुला पुढे जायचं असेल तर इमारत बघू नको, जाहिरात बघू नको. दारात कोण येतं ते बघ. आणि ते कॉलेजला विचारू नको, मागच्या वर्षी बाहेर पडलेल्यांना विचार."

मला पुढे जायचंय, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मला स्वतःलाच तोवर धड माहीत नव्हतं.

ताईंना ती नोकरी मिळाली. पेढे घेऊन आल्या आणि कोट परत केला. तो कोट आता कुठल्याही मुलाला देण्यासारखा राहिला नव्हता. काकांनी तो दांड्याच्या टोकाला लावला आणि म्हणाले, राहू दे. मग कुणाकडून तरी ऐकून मुली यायला लागल्या. मुलाखतीच्या मोसमात तो कोट क्वचितच दुकानात असायचा. मी येणाऱ्या प्रत्येकीला विचारायचे, तुमच्या कॉलेजात कोण येतं? बाही टाचता टाचता. त्या खरं सांगायच्या. अंगाला टाचण्या लावलेल्या असताना माणूस फार फुशारकी मारत नाही. कुठल्या संस्थेचं नाव मोठं पण बँका येत नाहीत, कुठे येतात पण दोघातिघांनाच घेतात, कुठे उन्हाळ्यात काम देऊन आधी पारखतात, हे मला असं कळत गेलं.

अंगावरचा कोट माणसाला काय करतो, त्याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लालबागचे एक गृहस्थ आले. मुलगा परदेशात शिकला होता आणि त्याचा पदवीदान समारंभ घरी फोनवर दिसणार होता. त्यांना फक्त कोट आणि टाय हवा होता, पँट नको. "खालचं दिसत नाही ना," म्हणाले. अर्ध्या चड्डीवर कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले आणि हळूच पाय जुळवले. कोट परत आला तेव्हा खिशात कागदात गुंडाळलेला पेढा होता. मी नेऊन दिला तर लाजले. म्हणाले, मुलाला द्यायला ठेवला होता, मग लक्षात आलं की तो पडद्यात आहे.

त्या पेढ्यामुळे मी बरेच दिवस अस्वस्थ होते. मी लांब गेले तर पप्पा कुठला खिसा चाचपतील?

कारण एव्हाना माझी प्रवेश परीक्षा झाली होती आणि दोन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. एक संस्था मुंबईतच, आमच्या नायगावच्या चाळीपासून एका बसवर. दुसरी पार परराज्यात, एका महामार्गालगत. फीचं दोन्हीकडे शिष्यवृत्तीवर भागणार होतं, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. प्रश्न दुसराच होता. मुंबईतल्या संस्थेत लोअर परळच्या बँका येत नव्हत्या. त्या परराज्यातल्या संस्थेच्या दारात जात होत्या. माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसलेली माणसं मला भेटावीत, म्हणून मला एवढ्या लांब जाऊन राहायचं होतं. हे आईला समजावताना मलाच हसू यायचं.

आई म्हणाली, इथलंच घे, सकाळी डबा देईन.

मुंबईतली मुलाखत सरळ झाली. लांबच्या संस्थेचे प्राध्यापक मुलाखतींसाठी दादरला एका सभागृहात येणार होते. आदल्या दिवशी काकांनी मला स्टुलावर उभं केलं. मुलींचा कोट. इतक्या जणींना मी तो चढवला होता, पण स्वतः कधी घातला नव्हता. मी बारीक, म्हणून दोन्ही बगलांत काकांनी कापड आत घेतलं. आरशात एक मुलगी दिसली. तिने खांदे सरळ केले तेव्हा मला कळलं की ते माझे आहेत.

दुसऱ्या दिवशी तिथे तिघेजण बसले होते. मी पाठ केलेलं सगळं इंग्रजी त्यांनी विचारलंच नाही. मधल्या सरांनी विचारलं, तुम्ही सुटांच्या दुकानात काम करता, तिथे काय शिकलात? मी गोंधळले. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून खालच्या खिशात घातला. आत काहीतरी होतं. कोरडं, हलकं, बोटांना लागताच चुरणारं. मुलाखतीचा कोट रिकाम्या खिशाने जातो, हे मला माहीत होतं. म्हणून क्षणभर घाबरले. मग बोटांना समजलं. पाकळ्या.

मी हात बाहेर काढला नाही. म्हणाले, आमचे काका नवा सूट घेताना तो शिवायला किती खर्च आला हे विचारत नाहीत. तो पुढे किती लग्नांना जाईल हे बघतात आणि त्यावरून किंमत ठरवतात. मला वाटतं कंपनीचंही तसंच असावं. हे मी अर्धं इंग्रजीत, अर्धं अडखळत सांगितलं. सरांनी विचारलं, आणि फॅशन बदलली तर? मी म्हटलं, मग तो मुलाखतींना जातो. तिघेही हसले. मला संदेशची आठवण आली. त्याच्या टेबलावरचं हसू आणि हे हसू, यांत फरक काय असेल? कदाचित काहीच नसेल. पण माझ्या बोटांत पाकळ्या होत्या आणि मी पुढचं वाक्य बोलू शकले.

दुकानात येऊन मी काकांना विचारलं, नियमाचं काय झालं? ते सुईत दोरा ओवत होते.

"गेल्या रविवारच्या नायगावच्या लग्नातल्यो आसत," म्हणाले. "तुका अक्षता कशी देऊ? आणि रिकामा तरी कसा धाडू?"

दोन्हीकडून होकार आला आणि शनिवारपर्यंत एकाला कळवायचं होतं. मी ठरवलं होतं आणि ठरवलं नव्हतंही. शुक्रवारी संध्याकाळी पप्पा फेरीवरून आले, जेवले आणि म्हणाले, दाखव बरं, कुठे आलं ते. मी फोनवर नकाशा काढला. त्यांनी बोटाने रस्ता मागे-पुढे सरकवला.

"हा तर आपला रस्ता," ते म्हणाले. "पिवळी भिंत आहे का? आणि गेटजवळ चिंच?"

फोटोत पिवळी भिंत होती. चिंचही होती.

"समोर चहावाला आहे, आलं जास्त घालतो. किती वर्षं तिथे गाडी थांबवतोय. मला वाटायचं मिलिटरीची जागा असेल, म्हणून कधी विचारलं नाही आत काय आहे." मग आईकडे बघून म्हणाले, "जाऊ दे तिला. ही आत असेल, मी बाहेर चहा पीन."

आई उठून भांडी घासायला गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर येऊन तिने विचारलं, तिकडे थंडी असते का?

शनिवारी मी कळवलं.

निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडेच राहिलेला कोट परत द्यायला गेले. काकांनी तो कागदात गुंडाळून पुन्हा माझ्याकडे दिला. मी म्हटलं, मोसमात मुली मागायला येतील. म्हणाले, दुसरा कापीन, आता हात बसलाय. "भाड्याचोच आसा हां. तुझ्या मुलाखती संपल्यो की आणून दी." आणि दारापर्यंत आल्यावर, "बगलेत कच्चोच टाको घातलंय. थंय जेवण बरा मिळाला तर उसवून घी."

हे मी हॉस्टेलच्या खोलीत बसून लिहितेय. इथली दुपार दुकानातल्या दुपारसारखीच शांत असते. अजूनही डुलकीत कोट चालताना दिसतात, पण त्यांतल्या एकाला आता हात असतात. पप्पा महिन्यातून एखाद्या वेळी गेटसमोर थांबतात. मी बाहेर जाते, आम्ही चहा पितो. आत या म्हटलं की गाडीला उशीर होतो म्हणतात, आणि चिंचेखाली उभं राहून भिंतीच्या वरून जे दिसतं ते बघतात.

पुढच्या महिन्यात लोअर परळची माणसं इथे येणार आहेत. ती मला घेतील की नाही, मला माहीत नाही. इथे माझ्याहून हुशार बरेच जण आहेत आणि बऱ्याच जणांचे सूट स्वतःचे आहेत. गेल्या रविवारी मी कोट घालून बघितला तर बगलेत घट्ट वाटला. मी खिडकीपाशी बसले आणि एक टोक ओढून दोन्ही बाजूंचे टाके उसवले. आत कापड होतं.